मामाजींचा मृदंग मी मिळवला

माझ्या सासऱ्यांचा मृदंग मी बिघडवला, आणि तोही त्यांची रीतसर परवानगी घेऊन. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, म्हातारी वाढवून सांगते आहे. नाही हो. मूर्खपणाच इतका भरपूर होता की वरून फोडणी द्यायची गरज पडली नाही.

परवानगी अशी घेतली. शनिवारची सकाळ होती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात तोंड धुऊन टॉवेलने मान पुसत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी चौकटीच्या आड. डोक्यावरचा पदर ओठांच्या खालपर्यंत ओढलेला, आणि आवाज असा की शेजारच्या मांजरीनेसुद्धा कान टवकारले नसते. मी विचारलं, मामाजी, मृदंग मी सुरात मिळवून ठेवू का? मामाजींनी माझ्या दिशेने पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मी समजले, हो म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात जे झालं ते आठवलं की अजून हातातलं काम थांबतं. परवा वांगी चिरताना आठवलं आणि वांगं काळं पडेपर्यंत मी विळीसमोर नुसती बसून होते.

तेव्हाची मी कोण होते ते आधी सांगायला हवं, म्हणजे धक्क्याचं माप कळेल. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. मी छिंदवाड्याकडच्या सौंसरची, मास्तरांची मुलगी. संगीताच्या दोन परीक्षा पास, त्याही नागपूरला जाऊन दिलेल्या. सौंसरमध्ये त्या काळी दोन परीक्षा पास झालेली मुलगी म्हणजे गाडीच्या डब्यात चढताना सुद्धा सुरात खोकायची. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा माझ्याबरोबर आंदण म्हणून एक नवी पेटी आली, आणि आंदणाच्या भांड्यांत न मोजलेला एक गर्व आला. नवरा छिंदवाड्याला नोकरीला, पंधरवड्याने घरी यायचा. घरात सासूबाई, मामाजी आणि मी. नव्या सुनेने सासऱ्यांसमोर तोंड उघडं ठेवायचं नाही आणि बोललीच तर जमिनीशी बोलल्यासारखं बोलायचं, हे मला आईने बजावून पाठवलेलं. गुणी सून होण्याची मला भारी हौस. इतकी हळू बोलायचे की कधीकधी माझं मलाच ऐकू जात नसे.

मामाजींचं बाजारात कापडाचं दुकान. माणूस अबोल, पण हसरा. गिऱ्हाईक बोट दाखवी, मामाजी ठाण उलगडून दाखवत. त्यांचा जीव मात्र मृदंगात. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाचे ते मृदंगवाले. मंडळ दर शनिवारी बसे. एरवी गल्लीतल्या मारुतीपुढे, आणि चैत्रात एकदा मेटाडोर करून जामसांवलीला.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या अंगणात एक सोहळा असे. मामाजींचे लहानपणापासूनचे मित्र, तहसिलीतले कारकून, आपली जुनी पेटी काखेत मारून येत. मंडळाचे गाणारेही तेच आणि पेटीवालेही तेच. त्यांना सगळे पेटीवाले काका म्हणत, मीही तेच म्हणते. दोघे सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसत. काका पेटीवर एक सूर धरून ठेवत. मामाजी मृदंगाच्या उजव्या तोंडावर बोटाने टिचकी मारत, आणि हनुवटी खाली करून मृदंगाच्या लाकडावर टेकवत. मग डोळे उघडून काकांकडे बघत. काकांनी भुवई वर नेली की मामाजी हातोडीने लाकडी गट्टे जरा ठोकत, म्हणजे चामड्याच्या वाद्या ताणल्या जाऊन सूर चढे. भुवई खाली आली की उलट ठोकत, सूर उतरे. असं बराच वेळ चाले. शेवटी काका दोन्ही डोळे मिटत आणि म्हणत, "मिळाला." मग मृदंगावर गोधडीची खोळ चढे आणि तो खुंटीला जाई. त्याला दुसऱ्या दिवशी वाजवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. राहिली फक्त डाव्या तोंडावरची ओली कणीक, जिच्यामुळे तिकडचा आवाज घुमतो. ती वाजवायच्या जागीच लावायची. तो गोळा मळून, ओल्या फडक्यात बांधून देणं माझ्याकडे होतं. मीठ-तेल न घालता, हे सासूबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं, कारण त्यांना माझी परीक्षा पास झालेली अक्कल एव्हाना कळली होती.

मी हे सगळं दाराआडून बघे आणि मनात हसे. आमच्या सौंसरच्या तबल्याच्या गुरुजींना मी कान लावताना पाहिलं होतं. हे गृहस्थ हनुवटी लावतात. आणि तो सूर तरी काय. मी गुपचूप आत जाऊन माझ्या नव्या पेटीवर तोच सूर दाबून बघितला, तर मंडळाचा सूर माझ्या पेटीपेक्षा चांगला खाली. म्हणजे, मी ठरवलं, यांची जुनी पेटी उतरलेली, मृदंगही उतरलेला, आणि सगळं मंडळ वर्षानुवर्षं बेसूर गाऊन राहिलेलं. सुधारण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. गावाने काही मला निवडून दिलं नव्हतं, पण असल्या जबाबदाऱ्या माणूस आपणहून घेतो.

त्यात जामसांवली म्हणजे सौंसरच्या उशाशी. माझे बाबा, आई, काकू, शिवाय माझ्यासोबत परीक्षेला बसलेल्या दोन मैत्रिणी, सगळे दर्शनाला येणार होते. त्यांच्यापुढे माझ्या सासरचं मंडळ बेसूर वाजलं तर? मला आदल्या रात्री झोप लागली नाही. तर अशी ती सकाळची परवानगी. मामाजी आंघोळीला गेले, सासूबाई गल्लीत कोणाकडे नारळ आणायला गेल्या, आणि मी खुंटीवरचा मृदंग काढला. खोळ काढली. माझी पेटी पुढे ओढली. एका हाताने सूर धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडी चालवायची, घाम फुटला. पण शेवटी मृदंगाचा उजवा सूर माझ्या पेटीशी असा मिळाला की टिचकी मारली तर पेटीच आतून वाजल्यासारखी वाटली. मला माझंच कौतुक वाटलं. खोळ चढवली, खुंटीला लावला आणि पुऱ्या तळायला बसले.

आता इथे वाचणाऱ्याला वाटेल, विचारल्याशिवाय थोडीच केलं. तेच तर मलाही वाटत होतं.

जामसांवलीला गर्दी. शनिवार, त्यात चैत्र, ऊन डोक्यावर. मंडपात आमच्या आधीचं मंडळ उठता उठेना. शेवटी पुजाऱ्याने घंटा वाजवून त्यांना उठवलं, आणि आमच्या लोकांना सांगितलं की तुमच्याकडे थोडाच वेळ आहे, लागलीच सुरू करा. सूर बघायला वेळ नव्हता आणि बघायचं कारणही नव्हतं. शुक्रवारी मिळवलेला मृदंग खोळीतच तर आलेला. मामाजींनी डाव्या तोंडावर कणीक थापली, बोटाने गोल केली. तेवढ्यात भोंगेवाला आला आणि त्याने मायक्रोफोनची दांडी मामाजी आणि पेटीवाले काका यांच्या मधोमध उभी केली. दोघांना जरा बाजूला सरकावं लागलं. गुडघ्याला गुडघा लागेना. बायकांच्या बाजूने मी हे बघितलं आणि मला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. तिने मैत्रिणींना माझ्याकडे बोट दाखवलं. मी पदर सावरला आणि वाट बघू लागले की आता या लोकांना सूर म्हणजे काय ते कळेल.

कळलं. काकांनी पेटीवर सूर धरला, गाणं उचललं, टाळ पडले आणि मृदंगावर पहिली थाप पडली. पेटी एकीकडे, काकांचा गळा पेटीबरोबर, आणि मृदंग कुठेतरी वर, चिरकत. जणू दोन मंडळं एकाच जागी बसलेली. मृदंग माझ्या पेटीशी मिळालेला होता, आणि माझी पेटी पांढुर्ण्याला पलंगाखाली पडली होती. इथे होती काकांची जुनी पेटी. इतकी साधी गोष्ट मला त्या थापेपर्यंत सुचली नव्हती. परीक्षेत तो प्रश्न आला नव्हता.

टाळकरी एकमेकांकडे बघू लागले. काकांनी एक कडवं कसंबसं ओढलं, मग पेटीचा भाता सोडला आणि हात वर केला. म्हणजे थांबा, सूर बघून घेऊ. गाणं थांबलं. टाळ थांबले. मृदंग थांबला नाही.

मामाजी डोळे मिटून वाजवत होते. चेहरा शांत, ओठांवर तेच दुकानातलं हसू. भोंग्यातून तो एकटा मृदंग सगळ्या आवारात जात होता, पिंपळाखाली बसलेल्या माणसांपर्यंत, चपलांच्या ढिगापर्यंत, बाहेरच्या नारळवाल्यांपर्यंत. आणि वाजत होता तो देखणा. हात कुठे चुकत नव्हता, लय कुठे सांडत नव्हती. फक्त ज्याच्यासाठी वाजत होता ते गाणं संपलेलं होतं, आणि हे त्या एकट्या माणसाला माहीत नव्हतं. मग कोणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, काही दुष्टाव्याने नाही, नुसताच आश्चर्याने:

"अरे, बुढ्याले ऐकूच येत नाई वाटते."

मी तेव्हा काय केलं असेल? काही नाही. त्या वाक्यातला एकेक शब्द माझ्या डोक्यात जागेवर जाऊन बसत होता. हनुवटी. भुवई. दुकानातलं बोट. मिटलेले दोन डोळे.

काका मायक्रोफोनच्या दांडीवरून वाकले आणि त्यांनी मामाजींच्या हातावर हात ठेवला. मामाजींनी डोळे उघडले. त्यांनी आधी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग टाळकऱ्यांच्या तोंडांकडे, मग समोरच्या लोकांच्या. सगळी तोंडं बंद. मामाजींनी देवाला नमस्कार केला, डाव्या तोंडावरची कणीक बोटांनी खरवडून काढली, फडक्यात बांधली आणि मृदंग खोळीत घातला. हे सगळं इतक्या सावकाश, की जणू भजन व्यवस्थित पूर्ण झालं आहे. माझी आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

परतीची मेटाडोर पांढुर्ण्याला कधी पोचली मला कळलं नाही. घरी आल्यावर मी सासूबाईंना मोरीजवळ गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मृदंग मी मिळवला, माझ्या पेटीशी मिळवला, पण मामाजींना विचारून मिळवला, ते हो म्हणाले. सासूबाई हातातला तांब्या तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता मारतात.

"हो म्हन्ले? त्याइले काय समजलं तू काय म्हनून राहिली ते? कईपासूनचे कान गेले त्याइचे. तोंड पाहून समजते त्याइले. अन् तुह्यं तोंड त्याइनं पाह्यलं तरी हाये का कधी?"

त्यांनी मग सगळं सांगितलं. कान हळूहळू गेले होते. घरात सासूबाईंना आणि माझ्या नवऱ्याला माहीत, बाहेर फक्त पेटीवाल्या काकांना. ओठ वाचून मामाजी दुकान चालवत होते. मृदंगाची थरथर हनुवटीला कळे, आणि सूर चढा की उतरा ते काकांची भुवई सांगे. गाणं संपलं की काका गुडघ्याने गुडघा दाबत. त्यावर ते थांबत. मंडळाला कळलं असतं तर बहिऱ्या माणसाला मृदंगावर कोणी बसू दिलं नसतं, आणि मृदंग गेला तर या माणसात काही उरणार नाही, म्हणून तिघांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. मला का नाही सांगितलं, तर म्हणे नवी सून, माहेरी बोलून बसली तर. नवऱ्याला मी पुढे जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, सांगायचं राहून गेलं. छिंदवाड्याला इतकं काय काम असतं मला अजून कळलेलं नाही.

पण मला जो दुसरा धक्का बसला तो मी मोरीजवळच, खाली बसून पचवला. लग्न झाल्यापासून मी मामाजींना जे जे विचारलं होतं ते सगळं माझ्यासमोर रांगेने उभं राहिलं. माहेरी जाऊ का. मान हलली. वरणात गूळ घालू का, आमच्याकडे घालतात. मान हलली. गल्लीतल्या बायकांना पेटी शिकवू का. मान हलली. आणि कहर म्हणजे, मी बी.एड.चा अर्ज भरू का, असं पदराआडून विचारलं होतं, मान हलली होती, आणि मी गल्लीभर सांगत फिरले होते की माझे सासरे काय पुढारलेले, एका शब्दात हो म्हणाले. एक शब्दही नव्हता त्यात. त्या बिचाऱ्याला दारात एक साडी हलताना दिसे. सून काहीतरी विचारून राहिली, एवढंच कळे. नाही म्हणून पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून ते मान हलवत. माझा सगळा मानसन्मान त्या मानेवर उभा होता.

रविवारी पेटीवाले काका आले. एकटे, पेटी न घेता. मंडळातल्या लोकांनी त्यांना गाठलं होतं. कोणी वाईट बोललं नाही, पण सगळ्यांचं एकच: आता सावरगावच्या एका जाणत्या माणसाला मृदंगावर बसवू, यांना टाळ देऊ. काकांनी ते अंगणात बसून सासूबाईंना सांगितलं आणि मामाजींना सांगायची वेळ आली तेव्हा मान खाली घातली. मान खाली घातल्यावर मामाजींना काय कळणार? पण त्यांना कळलं. ते उठून दुकानात गेले, रविवार असून.

मग काका माझ्याकडे वळले. सासूबाईंनी त्यांना सांगितलंच होतं. मी भिंतीला पाठ लावून उभी, रागवतील म्हणून तयार. ते रागावले नाहीत. त्यांना खरोखरीचं कुतूहल होतं. म्हणाले, "मिळवला म्हन्ते तू. पन कोनाशी?"

मी म्हटलं, माझ्या पेटीशी. माझी पेटी नवी आहे, तिचा सूर बरोबर आहे. काका म्हणाले की असंन बरोबर, पण ती जामसांवलीला आली होती का? गाणारा मी, माझा गळा जिथं बसते तिथं माझी पेटी बसते, अन् तिथंच मृदंगाला यावं लागते. एवढं बोलून ते निघून गेले.

त्या एका शब्दाशी माझी पुढे बरीच वर्षं झटापट चालली. आमच्याकडे वाद्य मिळवतात. पुण्या-मुंबईकडचे लोक लावतात म्हणतात, तंबोरा लावला, तबला लावला. आम्हीही म्हणतो कधीकधी, पण अंगणातला शब्द मिळवणे. गवळी दुधात पाणी मिळवतो, तो हाच शब्द. लग्न ठरलं की व्याही हात मिळवतात, तो हाच. बाप कमावतो त्यालाही मिळवणे म्हणतात, मी परीक्षेत मिळवलेल्या मार्कांनाही. शेजारचे हिंदी बोलणारे मिलाना म्हणतात, आणि ते कैदाशिणीसारखं नाक मुरडून मी सुधारायला जाई, ही गोष्ट वेगळी. मी समजत होते, मिळवणे म्हणजे बरोबर करणे. गणित सोडवावं तसं. एकटीने, दार लावून, उत्तर पाठीमागे छापलेलं.

पुढे बी.एड. केलं (हो, केलंच, त्या मानेच्या जिवावर केलं), तिथे भाषेच्या तासाला कळलं की शब्दाचं मूळ संस्कृतातलं मिल्, म्हणजे भेटणे, एकत्र येणे. त्यावरून मिळणे, आणि दुसऱ्याला मिळायला लावायचं म्हणून मिळवणे. म्हणजे दोघांची भेट घालून देणे. मेळ त्याच घरातला, मेळावाही, आणि आमचा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मेळाही, ज्यात पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात. भेटण्याचीही ती एक तऱ्हाच म्हणायची. वर्गात बाई हे सांगत होत्या आणि मला मात्र मायक्रोफोनची दांडी दिसत होती. गवळ्याला दूध लागतं आणि पाणी लागतं. नुसतं पाणी घेऊन बसला तर तो काय मिळवणार? आणि मी तर पलंगाखालच्या पेटीशी मृदंगाची भेट घालून, मृदंगाला एकट्यालाच मेटाडोरमध्ये बसवलं होतं.

असो. हे शहाणपण नंतरचं. त्या आठवड्यात माझ्याकडे शहाणपण नव्हतं, नुसता धसका होता. मृदंग खुंटीला होता. मामाजी त्याच्याकडे बघत नसत. दुकानात म्हणे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडेही बघणं त्यांनी सोडलं होतं. कोणी हिरवं मागितलं तर हातात जे आलं ते ठाण उलगडत. जेवताना सासूबाई समोर बसून मोठ्याने बोलत, ते ताटात बघत. एका माणसाने बोलणं नव्हे, ऐकणं बंद केलं होतं. बहिरा माणूस आणखी बहिरा होऊ शकतो हे मला तेव्हा दिसलं. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास झाला. एकदा फक्त म्हणाल्या की यांचा जीव गेला तर हाताच्या बोटांतून जाईन, दुसरीकडून नाई.

शुक्रवार आला. संध्याकाळी सतरंजी अंथरली गेली नाही. काका आले नाहीत. मामाजी अंगणातल्या खाटेवर बसले होते, आणि मला वाटलं, आता नाही बोलले तर मग या घरात मी आयुष्यभर चौकटीआडच राहीन. मी बाहेर गेले. त्यांच्यासमोर, अगदी समोर, जमिनीवर बसले. आणि आईने बजावलेलं सगळं गुंडाळून, डोक्यावरचा पदर मागे घेतला. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. त्यांच्या हातातलं सूप वाजायचं थांबलं.

मामाजी दचकले. त्यांनी माझा चेहरा खरंच कधी पाहिला नव्हता. लग्नात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान, नंतर पदर. ते बघतच राहिले, जणू घरात कोणी पाहुणी आली आहे. मी हळूहळू, ओठ उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं की मृदंग मी मिळवला होता. माझ्या पेटीशी. चूक माझी, तुमच्या हाताची नाही. मंडळाला मी जाऊन सांगते.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. हसत होते. सासूबाईही घाबरून जवळ आल्या. मामाजी त्यांना म्हणाले की पहिल्या थापेलाच हाताला कळलं होतं, वादी भलतीच ताणली आहे, पण वाटलं उन्हानं असंन. मग त्यांनी सांगितलं की मंडळाकडे ते दुपारीच जाऊन आले. कान गेले, हे स्वतःच सगळ्यांना सांगितलं. हात गेलेले नाहीत, हेही सांगितलं. उद्या एक शनिवार मला द्या, नाही जमलं तर सावरगाववाल्याला बोलवा, असं ठरवून आले होते. मृदंग आता बसायच्या जागीच काकांच्या पेटीशी मिळवायचा, म्हणून काका आज आले नव्हते. फक्त एक अडचण राहिली होती. काका गातात, वाजवतात, भुवया हलवतात. त्यात थांबायचं कधी ते गुडघ्यावर सोडायचं म्हणजे पुन्हा कोणी मध्ये दांडी ठोकली की संपलं. समोर कोणीतरी गाणारं हवं, तोंड दिसेल असं.

म्हणजे मी, हे मला उमगलं. आमच्या मंडळात बाई कधी बसली नव्हती. बायका मागे, भिंतीकडे, टाळ्या वाजवायला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी सूप छातीशी धरलं होतं आणि तोंड उघडंच राहिलं होतं. मामाजी खाटेवरून वाकले आणि गेल्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले:

"उद्या तू माह्यासमोर बसशीन, मानसाइच्या रांगेत. कोनी काई म्हनो, तू उठू नको. पदर असाच मांगं ठेव, तोंड दिसलं पायजे मले, अन् गानं म्हन. तुह्यं तोंड बंद झालं का मी थांबतो. अन् हे पाय, मधातच पानी-बिनी पिऊ नको."